हिरवा खेळाडू

कूलरला नवा वाळा लावला की त्या ओल्या वासाने मला बुधवारा भागातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. मी शिकवत होते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी मोबाइलवर चौघांचं बुद्धिबळ शिकत होते. त्यात एका पटावर चार रंगांच्या फौजा असतात आणि प्रत्येक जण उरलेल्या तिघांचा वैरी असतो. महिनाभरात मी बरेच डाव जिंकले, पण एक गोष्ट खटकत होती. मी पट मांडला की एक अनोळखी हिरवा खेळाडू हमखास येऊन बसे आणि माझा उघडा पडलेला वजीर सोडून दुसऱ्यांवर तुटून पडे. हा कोण आणि याला माझ्याकडून काय हवंय, या विचाराने मी धास्तावले होते. घरात सांगितलं तर खेळच बंद होईल म्हणून गप्प होते. त्या दुपारी लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं. माझा खेळ सिमच्या नेटवर चालू राहिला, हिरवा मात्र त्याच क्षणी पटावरून गायब झाला. आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "बेटा, नेट गेलं का?" मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "बाबा, हिरवा तुम्हीच ना?" त्यांनी चष्मा काढला. "तू हारली की दोन दिवस बात करत नाहीस. घर सुनं लागतं." "म्हणजे मी जिंकलेले सगळे डाव तुम्ही दिलेले?" "सगळे नाही," ते म्हणाले, "दोन तुझे होते." कोणते दोन, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता ते नाहीत, आणि मी अजून ते जुने डाव एकेक करून उघडते आणि हिरव्याची प्रत्येक चाल संशयाने बघत बसते.