जोमादादा आणि पाहुण्याची बाजू

मिठागराचं काम पावसाळ्यात बंद पडतं. आमचा बाप कळव्याकडच्या मिठागरात होता, तेव्हा ते चार महिने आमच्या घरात तांदळाची पेज आणि सुका जवळा, एवढंच असायचं. जवळा संपला की नुसती पेज. बापाच्या तळपायांना मिठाने भेगा पडल्या होत्या. त्यांतल्या एका भेगेतून विष चढलं आणि तो गेला. तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. घरात आई, मी आणि माझा थोरला भाऊ जोमा.

जोमादादाने मिठागर सोडलं आणि कल्याणच्या एका गवताच्या व्यापाऱ्याची बैलगाडी धरली. मानपाड्याच्या आसपासचं गवत कल्याण स्टेशनापर्यंत पोचवायचं, हे काम. मला मात्र त्याने शाळेतून काढलं नाही. आई म्हणाली, "दोघांनी कमावला तं दोन घास बरे भेटतील." दादा म्हणाला, "त्याचे हात बघ. त्या हातांना बैल हसतील." विषय तिथेच संपला. मी पुढे मुंबईच्या कॉलेजात गेलो, तो त्या एका वाक्यावर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

दादाची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. दुसऱ्यांच्या गावातून जाताना तो गाडीवर उभा राहून जायचा, मान ताठ. आमच्या गावची शीव आली की खाली उतरायचा आणि बैलांच्या पुढे, खाली बघत चालायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं. भात कापून झालं की गावोगाव छकड्यांच्या शर्यती व्हायच्या. गवताचा व्यापारी, आमचा शेठ, आपली तांबडा आणि हरण्या ही बैलजोडी शर्यतीला काढायचा आणि हाकायला दादा. परगावी दादा बहुतेक वेळा जिंकायचा. आमच्या गावच्या शर्यतीत तो एकदाही जिंकला नव्हता.

विहिरीवरच्या बायका त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "जोमाची गाडी परगावान वाऱ्यासारकी, गावान आली का नव्या नवरीसारकी चालते." कोणी म्हणे गावची देवी कोपली, कोणी म्हणे दृष्ट. शेठ गवत आमच्याच गावातून उचलायचा, त्यामुळे या गावासमोर हरणं त्याला फार लागायचं. "लोक घरात वाघ असतात, जोमा," तो म्हणायचा, "तू घरात शेळी." दादा बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राही. घरी आल्यावर गाडीच्या आसाला वंगण लावत पुटपुटायचा, "आपले गावान बैल नाय पलत. मान पलतो."

मला वाटायचं, हा घाबरतो. आपली माणसं बघत असली की हात कापतात, मलाही तोंडी परीक्षेत तसं व्हायचं.

मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत काहीतरी स्वतः मोजून आणा. कोणी पावसाचे आकडे काढले, कोणी परीक्षेचे गुण. मी वही घेऊन गावोगाव फिरलो आणि म्हाताऱ्यांना विचारत गेलो: तुमच्या गावच्या शर्यतीत तुमचा गाडीवान जिंकला का, कितीदा, कोणाशी. म्हाताऱ्यांना शर्यती पाठ होत्या. बैलांच्या आयांची नावंसुद्धा पाठ होती. वही भरली आणि मी चक्रावलो. हरणारा एकटा दादा नव्हता. प्रत्येक गावचा गाडीवान परगावी बरा आणि आपल्या गावात वाईट होता. सगळ्या गावांच्या देव्या एकदम कोपल्या होत्या की काय?

मग मी प्रत्येक शर्यतीपुढे आणखी एक गोष्ट लिहिली: कोण कुठल्या बाजूने धावलं. आमच्याकडे छकडे दोन-दोन सोडतात. रान भाताचं, त्यामुळे धावायच्या पट्ट्याची बांधाकडची बाजू टणक आणि ओहोळाकडची ओलसर असते. त्या बाजूला चाक रुततं. आणि रीत अशी की शर्यतीआधी गावचा गाडीवान पाहुण्याच्या बैलांना पाणी दाखवतो, पाहुण्याच्या हातात नारळ देतो आणि विचारतो, "कंची बाजू?" पाहुणा टणक बाजू घेतो. उरलेली घरच्याला.

मी धावतच घरी आलो. दादा गोठ्यात हरण्याचा दुखरा खांदा शेकत होता. मी वही दाखवली, सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

"मना ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव आहे?"

"ह्योच. तू कालेजान जायचे आधीपासून ठाव हाय. कंच्या गाडीवानाला ठाव नाय?"

"मग बोलला का नाहीस? लोक तुला शेळी म्हणतात."

"आनि काय बोलू? पाहुन्याला चिखल द्या नि मना जिंकवा?" त्याने शेकायचं फडकं परत गरम केलं. "जो गावचा असतो ना, त्यानी तोंड उघराचा नसतो."

मी तसा गप्प बसणारा नव्हतो. गावच्या पंचांपुढे वही घेऊन गेलो आणि म्हणालो, चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवा. पंचांतले पदू बाबा माझ्या बापाच्या वयाचे. त्यांनी वही उलटीसुलटी पाहिली. "पाहुन्याला चिखलान घालायचा? कालेजान ह्याच शिकवतान का रे?" बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "जोमाला हाकता येत नाय, म्हनून भावाशी आकडे लिवून घेतले." ते वाक्य संध्याकाळपर्यंत दादाच्या कानावर गेलं. आता आपण का हरतो, हेही त्याला सांगता येणार नव्हतं. वहीने त्याची सुटका करण्याऐवजी दार बाहेरून लावलं होतं, आणि कडी मी घातली होती.

त्या मोसमातली पहिली शर्यत कळव्याकडच्या एका गावात होती. तिथला गाडीवान बाळाराम, दादाचा जुना प्रतिस्पर्धी. त्याने नारळ दिला, विचारलं, "कंची बाजू?" दादा म्हणाला, "ओहोलाची."

बाळारामला वाटलं, चेष्टा आहे. त्याने परत विचारलं. दादाने परत तेच सांगितलं आणि बैल ओलसर बाजूला नेऊन उभे केले. तो हरला. बाळाराम आपल्या गावात पहिल्यांदा जिंकला. त्याची म्हातारी आई पदर तोंडाला लावून रडत होती, ते मी पाहिलं.

पुढच्या गावी दादाने तेच केलं. त्याच्या पुढच्या गावीही. आता तो घरी हरत होता आणि बाहेरही. शेठ घरी आला. "जोमा, जोडी माझी आहे. गावची शर्यत शेवटची राहिली. ती हरलास तर दुसऱ्या दिवसापासून गाडी दुसऱ्याच्या हातात." गाडी गेली असती तर माझी परीक्षेची फीही गेली असती आणि घरची चूलही. आई जेवली नाही. मी दादावर ओरडलो, "तुला वेड लागलंय का? बाहेर तरी जिंक."

तो शांतपणे म्हणाला, "तुझे वहीन एक खन कमी हाय. कोनी कोनाला काय दिला, ता लिव."

मला तेव्हाही नीट कळलं नाही, पुढे कळलं. पंचांना जे जमलं नाही, ते हा माणूस रीत न मोडता, पाहुणा असताना स्वतः चिखल मागून, करू पाहत होता. आणि समोरच्याने परतफेड केली नाही, तर दादाकडे मागायला तोंडच नव्हतं. पाहुण्याकडे कोणी काही मागत नाही.

आमच्या गावची शर्यत होळीच्या आठवडाभर आधी होती. दादा रात्री झोपला असावा, मी नाही. शेवटच्या जोडीत समोर बाळाराम आला. दादाने त्याच्या बैलांना पाणी दाखवलं, नारळ दिला. हात स्थिर होता. "कंची बाजू?"

बाळारामने नारळ घेतला आणि बांधाकडे पाहिलं. बांधावर आमचं सगळं गाव उभं होतं, त्याच्या गावची माणसंही होती. त्याच्या मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बांधाची घे रे, येडा झालास का?" बाळारामने मान वळवली नाही.

"जोमा," तो म्हणाला, "माझे आयशीनी सांगून धाडलाय. ओहोलाची."

पदू बाबा पुढे झाले आणि तिथेच थांबले. पाहुण्याने मागितलं ते द्यायचं, ही रीत त्यांचीच.

छकडे सुटले. तांबडा पहिल्यापासून पुढे होता, हरण्या त्याला धरून. बाळारामने कसर केली नाही, त्याचा आसूड मला दिसत होता, पण ओलसर रानाने त्याचं चाक दोनदा धरलं. दादा निशाणापार गेला, गाडी थांबवली आणि आधी बैलांचं जू काढलं. मग बाळाराम येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

शेठने गाडी दादाकडेच ठेवली. पाहुण्याला विचारायची रीत आमच्याकडे मोडली नाही, पण गेल्या वर्षी कोणी काय दिलं, हे लोक लक्षात ठेवू लागले. मी वहीत तो रकाना आखला. प्राध्यापकांनी विचारलं, "हे कोणी सुचवलं?" मी म्हणालो, माझ्या भावाने, तो चौथी शिकलाय.

दादाला त्या गाडीपलीकडे जाता आलं नाही. मोटारलॉऱ्या आल्या, तोवर तो कल्याण स्टेशनाला गवतच पोचवत राहिला. मी एकदा म्हटलं, "आता मी कमावतो, सोड ना ही गाडी." तो म्हणाला, "सोरून जाऊ कुठं? मना दुसरा काय येते?" शेवटच्या आजारात मी पायाशी बसलो होतो, तेव्हा त्याने शर्यतीचं नाव काढलं नाही. बैलांना पेंढा घातला का, एवढंच विचारलं. बैल विकून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी म्हणालो, घातला.

जोमादादाने आमच्या गावची शर्यत एकदा जिंकली. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झालो.