ताई, यातलं चांगलं कोणतं?

किस्से मी जमवत नाही हो, ते आपोआप जमतात. टीव्हीचं नवीन खोकं फोडलं की थर्माकोलचे पांढरे गोळे उडतात आणि ड्रेसला चिकटतात. कितीही झटका, घरी जाऊन चहा ठेवावा तर बाहीवर एक दिसतोच. गिऱ्हाइकांचं तसंच आहे.

नंदुरबारच्या बाजारात आमच्या शेठचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. मोबाइलपासून एसीपर्यंत सगळं. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा मी इथे काउंटरला लागले, आता ती कॉलेजात जाते. एवढी वर्षं मी दिवसभर उभी राहून एकाच प्रश्नाचं उत्तर देतेय, "ताई, यातलं चांगलं कोणतं?" पाय सुजतात, घसा बसतो. आणि सगळं ऐकून घेऊन माणूस म्हणतो, "बरं, घरी विचारून येतो."

घरी विचारायला गेलेली माणसं एकत्र उभी केली तर स्टेशनपर्यंत रांग लागेल!

*

आमचे शेठ मारवाडी. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलतात. सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजराती, घरी फोनवर मारवाडी आणि माझ्यावर ओरडायचं असेल तर हिंदी. स्मार्टफोन विकावा तर शेठनीच. कॅमेरा, प्रोसेसर, बॅटरी, असं बोलतील की समोरच्याला स्वतःचा फोन खिशात ठेवायची लाज वाटावी.

एकदा नवापूरकडचे एक पाव्हणे आले. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शांतपणे सगळं ऐकलं, एकेक फोन हातात घेऊन बघितला. शेठ रंगात आलेले. तेवढ्यात शेठच्या खिशात रिंग वाजली. शेठनी सवयीने फोन काढला. बटणांचा, मागे रबर लावलेला!

पाव्हण्यांनी हातातला फोन काचेवर ठेवला. म्हणाले, "शेठ, तुम्ही वापरता तोच द्या."

शेठनी खूप समजावलं. पण पाव्हणे बटणांचाच फोन घेऊन गेले, आणि वर शेठना खरं सांगितल्याबद्दल धन्यवाद देऊन गेले.

तेव्हापासून शेठच्या वरच्या खिशात एक मोठा स्मार्टफोन असतो. बंद करून ठेवलेला.

*

हल्ली गिऱ्हाईक दुकानात येतं ते मोबाइल हातात घेऊनच. मी किंमत सांगते, ते ऑनलाइन बघतात. मी तोंडाकडे बघते, ते स्क्रीनकडे.

एक नवीन नोकरीला लागलेला मुलगा सलग तीन रविवार आला. साउंडबार घ्यायचा होता. मी प्रत्येक साउंडबार लावून दाखवला, वायर कुठली कुठे जोडायची, भिंतीपासून किती लांब ठेवायचा, सगळं सांगितलं. त्याने माझ्या परवानगीने व्हिडिओसुद्धा काढला. मग गायब.

काही दिवसांनी कुरिअरवाला दुकानात शिरला. हातात लांबच लांब खोकं. "साउंडबार आहे," म्हणाला, आणि त्या मुलाचं नाव सांगितलं. पत्ता आमच्या दुकानाचा! खोक्यावरच्या नंबरवर मी त्या मुलाला फोन लावला.

"हो ताई, तुमचाच पत्ता टाकलाय," तो म्हणाला. "माझ्या रूमवर दिवसा कोणी नसतं ना. तुम्ही असताच!"

मी शेठकडे बघितलं. शेठनी पंख्याकडे बघितलं. खोकं आम्ही आत ठेवून घेतलं, काय करणार?

*

मिरचीच्या सीझनमध्ये आमच्या गावात नाकाला विश्रांती नसते. अशात एका मिरचीच्या व्यापाऱ्याने ऑफिसला एसी घेतला. मी सांगितलं, "भाऊ, तुमच्या खिडकीबाहेर मिरचीचे ढीग आहेत. फिल्टर आठवड्याला धुवा." ते म्हणाले, "धूऊ की." कोणी धुतला असेल?

महिन्याभराने तक्रार आली. आमचे फिटर रफिकभाई गेले. ऑफिसात लोक बसलेले होते. रफिकभाईंनी एसी चालू करून बघितला मात्र, आतून मिरचीचा लाल धुरळा आला! जो तो शिंकत, डोळे चोळत पायऱ्यांकडे पळाला. रफिकभाई शिडीवरच शिंकत राहिले. उतरायला हात मोकळा नव्हता.

फिल्टर धुऊन, सगळं साफ करून रफिकभाई म्हणाले, "आता गार हवा येईल, बघा."

व्यापाऱ्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "रफिकभाई," ते हळूच म्हणाले, "होता तसाच करून द्या ना. फुकट चहा प्यायला बसणारे पहिल्यांदाच उठले!"

*

मिरचीवरून एक बाई आठवतात. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायचं काम करायच्या. मुलगा सुरतला कामाला, त्याचं तोंड बघता यावं म्हणून पहिलाच मोठा फोन घ्यायला आल्या होत्या. नंबर वाचता येत नव्हते, म्हणून मी म्हटलं, "मावशी, आपण बोटाचं लॉक लावू. बोट ठेवलं की उघडेल."

त्यांनी बोट ठेवलं. फोन म्हणाला, परत ठेवा. ठेवलं. परत ठेवा. दुसरं बोट, तिसरं बोट, मग दुसरा हात. फोनवर सूचना आली, "बोट स्वच्छ करा." मी वाचून दाखवली.

"हात धोईसनच उनू ना बाई!" त्या म्हणाल्या. हात उलटा करून दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, कातडी झिजून काचेसारखी. "रेशनना दुकानमा बी अंगठा येस नही. बँकमा बी नही. तठे लोके मागून कावतस. तू ते बरी शे, कावत नही."

दिवसभराच्या कटकटीत मी कोणाकोणावर कावलेली असते, ते मलाच माहीत. फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि चेहऱ्याचं लॉक लावलं. मग त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं आणि फोन टक्कन उघडला.

त्या दचकल्या. फोन खाली केला, परत वर धरला. परत उघडला. पदर सारखा केला, परत बघितलं. उघडला!

"हाऊ बरा शे," त्या म्हणाल्या. "तोंड दखीसन वळखस."

*

लग्नसराईत आमच्याकडे पिकअप भरभरून माणसं येतात. कोरीट गावचं एक कुटुंब मुलीला द्यायला फ्रिज घ्यायला आलं होतं. वडील, आई, काका, मामा. काकांना दोन दारांचा हवा, मामांना तीन दारांचा. आई फ्रिज उघडून भाजीचा कप्पा किती खोल आहे ते हात घालून बघत होती. ज्या मुलीचं लग्न, ती लॅपटॉपच्या काउंटरपाशी उभी होती. हात पाठीमागे बांधून, नुसती बघत.

वडिलांनी हाक मारली, "पोरी, रंग तरी सांग!"

ती म्हणाली, "आप्पा, माले फ्रिज नको. लॅपटॉप द्या."

मग मामा हसले, काका रागावले. वडील म्हणाले, "सासरले लॅपटॉपनं काय काम? लोके काय म्हणतीन?"

मुलगी घाबरलेली होती, पण बोलली. "आप्पा, फ्रिज त्यासना घरमा ऱ्हाई. लॅपटॉप मन्हाजोडे ऱ्हाई."

वडील स्टुलावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी सावकाश प्यायलं. आईने उघडा फ्रिज हळूच लावून टाकला. काका अजून काही बोलणार होते, पण वडिलांनी हाताने थांबवलं आणि लॅपटॉपकडे बोट दाखवत ते माझ्याकडे वळले.

"ताई, हाऊ कितला वरीस टिकस?"

*

आणि या ब्राह्मणपुरी गावच्या आजी.

त्यांची दोन मुलं. वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली. दारं शेजारीशेजारी, बाहेरचा ओटा मात्र एकच. भावाभावात बोलणं बंद. थोरल्याने आमच्याकडून टीव्ही नेला. पुढच्याच आठवड्यात धाकटा आला. मी विचारलं, "कोणता दाखवू?" तो म्हणाला, "दादानी नेला त्याच कंपनीचा. पण त्याच्यापेक्षा मोठा."

दोन्ही टीव्ही रफिकभाईंनीच बसवले. येऊन म्हणाले, "ताई, एकाच भिंतीला मी दोन्ही बाजूंनी ड्रिल मारलं. याचा आवाज त्याला ऐकू जातो म्हणून तो वाढवतो, मग हा वाढवतो. म्हातारी बिचारी ओट्यावर मधोमध बसलेली."

मग एके दिवशी त्या आजीच दुकानात आल्या. एकट्या, एसटीने. त्या कोण, हे त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, टीव्ही बिघडला.

"नही," आजी म्हणाल्या. "माले एक रिमोट जोयजे."

"कोणाचा हरवला, आजी? थोरल्याचा की धाकट्याचा?"

"कोणाना बी नही. त्यासनाजोडे एकएक शे. मन्हाजोडे नही." मग जवळ येऊन विचारलं, "दोन्ही टीव्हीसले हाऊ एकच रिमोट चाली का?"

"चालेल. कंपनी एकच आहे."

"ओटावरथून चाली?"

"दारं उघडी असली तर चालेल."

मी रिमोटमध्ये सेल घातले. आजींनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, बंद करायचं बटण कोणतं? मी वरचं लाल बटण दाखवलं. आमच्या समोरच्या भिंतीवर त्याच कंपनीचे टीव्ही ओळीने लावलेले असतात. सगळे चालू होते, कुठे मॅच, कुठे बातम्या, कुठे गाणी.

आजींनी हात लांब करून बटण दाबलं. सगळी भिंत एकदम काळी झाली.

दुकानात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. शेठनी मान वर केली. मॅच बघत उभी असलेली दोन अनोळखी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

आजींनी रिमोट पिशवीत टाकला.

"आते बोलतीन," त्या म्हणाल्या.