शटर अर्ध्यावर

माझा भाऊ न्हावी. अनोळखी माणसाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून निवांत गप्पा मारणारा. त्याच्या पोटी ही पोरगी, जिला वर्गात नुसती हजेरी द्यायची म्हटलं तरी घाम फुटायचा. भाऊ रोज शाळेच्या फाटकाशी तिला एकच औषध पाजायचा, "घाबरायचं काय त्यात? काही होत नाही." या औषधाने कुणी बरं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

मग साथ आली आणि शाळा बंद झाली. पोरगी आधी खूश. घरात बसणं हाच आता शहाणपणा ठरला होता आणि तिला तो आधीपासूनच येत होता. पण साथ लांबली तशी ती गॅलरीतही येईना. दाराची बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायची.

अखेर दुकान आणि शाळा एकाच दिवशी उघडायची ठरली. मी दोघांसोबत निघाले. भावाने शटर अर्ध्यावर उचललं, आतली खुर्ची बघितली आणि पायरीवरच बसला. गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ जायचं, या विचारानेच त्याला आत पाऊल टाकवेना. पोरगी दप्तरासकट त्याच्या शेजारी बसली.

"घाबरायचं काय त्यात?" ती म्हणाली. "काही होत नाही."

भाऊ म्हणाला, "हे ऐकून उलट जास्त धडधडतंय गं."

"मलाही तसंच व्हायचं," ती म्हणाली. "रोज."