घोडेस्वाराचं अर्धं पांघरूण

भोरच्या एका सराफाकडे मी जुने पैंजण बदलायला गेले होते. मोडीच्या चांदीत एक मोठं नाणं पडलेलं दिसलं. त्यावर एक घोडेस्वार तलवारीनं स्वतःचंच पांघरूण कापत होता आणि खाली उघडा भिकारी हात पसरून बसला होता.

"हे वितळवणार?"

"युरोपातलं दिसतंय. हितं कोण घेतंय?" सराफ म्हणाले.

पैंजण त्यांच्याकडेच ठेवून मी ते नाणं शिवऱ्याला घरी आणलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "पायातलं देऊन बिल्ला आणलास?" म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

घोडेस्वार एक ख्रिस्ती संत निघाला. मग मला नादच लागला. वकिलांच्या ऑफिसातलं टायपिंग सांभाळून सुट्टीच्या दिवशी पुण्यात नाण्यांच्या बाजाराला जायचं, वर्षाकाठी एखादं पसंत करून विकत घ्यायचं. पोराला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड संत आला, भाल्यानं राक्षसी प्राण्याला मारणारा वीर आला, अंगावर पानं गुंडाळून मुळासकट उपटलेलं झाड धरलेला रानमाणूस आला. संध्याकाळी मी त्यांच्या कथा मोठ्यानं वाचायचे. आत्या लसूण सोलत बसायच्या. ऐकतात असं कधी वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कामथडीकडच्या एका शाळेनं नाणी दाखवायला बोलावलं. नेमका त्याच सकाळी माझा घसा बसला. शब्दच फुटेना. सोबतीला आलेल्या आत्या म्हणाल्या, "तू नुसती नाणी दाव. म्या बोलते."

पोरं, शिक्षक, गावातली मंडळी टेबलाभोवती दाटली आणि आत्यांनी पदर खोचला.

"ह्यो घोड्यावरचा शिपाई. थंडी लई. भिकारी कुडकुडतोय. मग यानं काय केलं? पांघरूण कापलं आन् अर्धं त्याला दिलं."

"सगळं का नाही दिलं, आजी?" एका मुलीनं विचारलं.

"सगळं दिलं तर ह्यो कुडकुडला असता. मंग काय उपेग?"

सगळे हसले. पुढच्या नाण्यावरच्या राक्षसी प्राण्याला त्यांनी सरळ पंख फुटलेली घोरपड करून टाकलं. मी हातवारे करून नाही म्हणत होते, पण पोरांना घोरपडच पटली. रानमाणसाच्या मुलखातल्या चांदीच्या खाणी, नदीत खांद्यावरच्या पोराचं वाढत जाणारं ओझं, काही म्हणता काही सुटलं नाही. मी वाचलेलं सगळं त्यांच्या बोलीत, त्यांच्या तालात येत होतं. कागदावर मी ते इतकं जिवंत कधीच वाचलं नव्हतं.

शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलं, "आजी, हा संग्रह तुमचा का?"

आत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई वो. माझ्या सुनंचा. पुण्यामुंबईला दावावा असा हाय. हितल्या कुणाकडं हाय का असा?"

टाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही दोघी मान ताठ करून उभ्या होतो.

परत येताना एसटीत त्यांनी शेजारच्या बाईंना घोरपडीची गोष्ट पुन्हा सांगितली आणि मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "एक नाणं काढ की. ह्यास्नी बघू दे."