खाकरणं आणि खुर्ची

आमच्या वडिलांची रीत होती: घरात पाऊल टाकण्याआधी दारात एकदा खाकरायचं. आतल्या सुना तेवढ्यात पदर सावरून उभ्या राहायच्या. दिवसाला तीन-चार वेळा, बस्स.

माझं गेल्या हिवाळ्यात सकाळी सात ते बारा एवढ्या वेळात त्रेचाळीस वेळा झालं. वहीत रेघा मारून मोजलं. घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. भाकरीचा घास दोन घोट पाण्याशिवाय उतरायचा नाही.

अडचण अशी, की आमची नवी सून सोयगावकडची, याच वळणात वाढलेली. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ती लॅपटॉप घेऊन कामाला बसायची. मी खाकरलो की ओढणी सावरून उभी. नोकरी नवी, पहिले तीन महिने कच्ची. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलंच, "मॅडम, तुमची खुर्ची सारखी रिकामी का दिसते?"

ते ऐकून बायकोनं मला धरलं. "अहो, पोरगी नोकरी करतीय का उठाबशा काढतीय? तुमच्या घशापायी तिची नोकरी जायची!"

"मी काय मुद्दाम खाकरतो?"

"मग दाखवा की डॉक्टरला. रेघा मारून घसा बरा व्हतो व्हय?"

उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. पित्त वर येतं, बाकी काही नाही, म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायला सांगितलं.

दोन आठवड्यांत त्रेचाळीसचे अकरा झाले. पण सून उठायची ती उठायचीच. आता तांब्या वाजला की उठायची.

शेवटी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती अर्थातच उठली.

"बस आधी. ते खाकरणं तुझ्यासाठी नव्हतं गं. पित्ताचं होतं."

ती खुर्चीत टेकली. "मामा, मला वाटलं, मी खुर्चीत बसलेलं तुम्हाला खपत नाय. आधी सांगायचं ना!"

सगळं मोजलं होतं मी. एवढं एक वाक्य तेवढं बोलायचं राहिलं होतं.

तीन महिने भरले, नोकरी पक्की झाली. परवा तिच्या मागून जाताना मी खाकरलो. स्क्रीनवरची नजर न काढता, बसल्या जागेवरूनच तिनं तांब्या माझ्याकडे सरकवला.

"मामा, आजचं हे सातवं खाकरणं."

माझ्या वहीत सहाच रेघा होत्या. पण ती ठाम होती. मी एक रेघ वाढवली.