जाजमाखालची सुतळी

“कौतुक राहू द्या हो. चूक काय झाली ते सांगा.”

नाटक संपलं की लोक सरांभोवती जमायचे. कोणी हात हातात घ्यायचं, कोणी डोळे पुसायचं, आणि ते हे वाक्य फेकायचे. गर्दी पांगायची. आंधळ्या माणसांच्या नाटकात चूक काढणार कोण? तुम्हीही काढली नसती. मीही कधी काढली नाही.

त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पंचवीस वर्षं एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. पुढे फोन यंत्रंच जोडायला लागली आणि बँकेनं हार घालून त्यांना घरी बसवलं. घर धायरीला. तिथून दोन बस बदलून ते बुधवार पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात यायचे आणि अंध मुलामुलींची नाटकं बसवायचे. इस्त्रीचा बुशशर्ट, घडीची पांढरी काठी, आणि जीभ अस्सल पुण्याची. “तुम्हाला बघून प्रेरणा मिळते,” असं एक बाई गहिवरून म्हणाल्या. “मिळाली ना? मग पुढच्या वेळी तिकीट काढून या,” हे म्हणाले. बाई पुन्हा काही आल्या नाहीत.

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला होते. अपंग दिनाला ‘काहीतरी टचिंग’ ठेवा, असं आमच्या साहेबांनी सांगितलं आणि मी त्या वर्गात जाऊन पोचले.

“टचिंग म्हणजे नेमकं काय हवं? देशभक्तीपर गाणं?” त्यांनी विचारलं.

“चालेल ना, सर.”

“आम्हाला नाही चालणार. आमच्याकडे नाटक आहे. पाऊण तासाचं. आणि विनोदी आहे, तेव्हा रुमाल आणू नका म्हणावं.”

नाटक भाड्यानं घर शोधणाऱ्या अंध नवराबायकोचं होतं. घरमालक विचारतो, “गॅस कोण पेटवणार?” बायको म्हणते, “तुमच्याकडे कोण पेटवतं?” बायकोचं काम करणारी मुलगी यवतमाळकडची होती, वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकलेली. तिच्यासाठी त्यांनी एक अट घातली. शाल नको, नारळ नको, मानधनही नको. नाटक झाल्यावर हेल्पडेस्कच्या जागेसाठी तिची रीतसर मुलाखत घ्यायची. आधीच्या चार कंपन्यांनी तिची काठी बघून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. “ती स्टेजवर कशी वावरते ते तुमच्या साहेबांना एकदा बघू दे,” ते म्हणाले. साहेब “शुअर, शुअर” म्हणाले.

ती वावरायची कशी, ते मला कार्यक्रमाच्या सकाळी कळलं. सर अनवाणी स्टेजवर चढले, पावलांनी लांबीरुंदी मोजली आणि जाजमाखालून सुतळी पसरायला लावली. एक टेबलाकडे जाणारी, एक दाराकडे आणि एक स्टेजच्या कडेच्या दोन पावलं अलीकडे, आडवी. तिला गाठी मारलेल्या. पायाला गाठ लागली की थांबायचं. मी गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी लावली. “बाई, कामाच्या आहात,” असं ते म्हणाले, तेव्हा मला पगारवाढ मिळाल्याइतका आनंद झाला होता.

कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी साहेब आले. जाजमाला आलेल्या वळ्या त्यांना दिसल्या. “ये क्या है? गेस्ट दीपप्रज्वलनाला वर येणार. कोणी अडखळलं तर?” मी सांगायला गेले, पण त्यांनी हात वर केला. मी हाउसकीपिंगच्या माणसाला म्हणाले, “आत्ता काढा. दिवा लावून झाला की परत लावू.” त्यानं ओढून काढलेली सुतळी गुंडाळून मी पर्समध्ये टाकली.

दिवा लागला. मग भाषणं झाली. मग साहेबांनी मला पुष्पगुच्छ आणायला खाली पिटाळलं. मी धावत परत आले तेव्हा पडदा वर गेला होता. पडदा पाडायला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

पहिली दहा मिनिटं लोक हसले. मग ती मुलगी “ही खिडकी उघडते का हो?” म्हणत पुढे निघाली. गाठ लागली नाही. ती पुढे येतच राहिली. तिचा एक पाय कडेच्या बाहेर अधांतरी गेला आणि पहिल्या रांगेतून साहेब धावले, वर चढले आणि त्यांनी तिचा दंड धरला. अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. ती आपलं पुढचं वाक्य म्हणत होती, पण ते कोणालाही ऐकू आलं नाही.

सर माझ्या शेजारी विंगेत उभे होते. “ही टाळी कशाची?” त्यांनी विचारलं. “इथे टाळी नाही.”

नाटक संपल्यावर त्यांनी चूक विचारली नाही. एवढंच विचारलं, “सुतळी कोणी काढली?”

“हाउसकीपिंगच्या लोकांनी. मला न विचारता.”

“बरं,” ते म्हणाले आणि काठी उघडून बसकडे निघाले.

मुलाखत झाली नाही. “ब्रेव्ह गर्ल. पण उद्या जिन्यावरून पडली तर?” साहेब म्हणाले. ती का चुकली, हे मी त्यांना एका वाक्यात सांगू शकत होते. ते वाक्य मी गिळलं. साहेबांनी तिचा दंड धरलेला फोटो मात्र कँटीनबाहेर लागला. रोज डबा घेऊन मी त्याच्याखालून जायचे. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बोलावलं, तेव्हा सरांचं पोस्टकार्ड आलं: ‘आमच्याकडे विनोदी नाटक आहे. आपल्याकडे ते करुण होतं. क्षमस्व.’

काही वर्षांनी पेपरात त्यांच्या निधनाची चार ओळींची चौकट दिसली. मी त्या वर्गात गेले. तालीम ती मुलगी घेत होती. मुलगी कसली, बाईच झाली होती आता. मी नुसतं “नमस्कार” म्हटलं.

“हिंजवडीच्या मॅडम,” ती म्हणाली.

मी पाठ करून गेले होते ते बोलायला लागले. तिनं मध्येच थांबवलं. “माहीत आहे ना, मॅडम. सर पडद्यामागंच उभे होते. तुमचं सगळं ऐकलं त्यांनी. मी म्हटलं, सर, आपणच लावून घेऊ. तर म्हणाले, बाई परत लावू म्हणाल्यात ना, लावतील. तू तयारी कर.”

“मग मला कशाला विचारलं त्यांनी, कोणी काढली म्हणून?”

“तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं त्यांना.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“बसता का, मॅडम?” तिनं विचारलं. “तालीम सुरू करायची आहे. ही पोरं खोळंबून राहिली.”

मी बसले नाही.