लाकडावरचा खवा

धाराशिव जिल्ह्यात, भूमकडच्या आमच्या गावात अण्णांची खव्याची भट्टी आहे. रोज सकाळी आम्ही दूधवाले तिथं दूध घालतो आणि गप्पा हाणत टेकतो. जाळावर दूध आटतं, किस्से मात्र वाढतच जातात! किस्से सगळे भट्टीत गेलेल्या झाडांचे. बाकीचे हसतात. माझं टाळकं सणकतं, कारण माझ्या बांधावर एकच कडुलिंब उरलाय. माझ्या दोन्ही म्हशींची सावली तेवढीच, आणि भट्टीला जळण पुरवणाऱ्या लाकूडवाल्याचा डोळा नेमका त्यावर.

परवा पुण्याची मोठी गाडी आली. बाईंनी काच खाली केली. "गॅसवरचा नाही ना? आम्हाला लाकडावरचाच लागतो. एकदम नॅचरल!" अण्णांनी बाभळीचा ओंडका आत सारला, बाईंनी त्याचा फोटो काढला. खवा घेऊन निघताना म्हणाल्या, "किती उजाड आहे हो तुमच्याकडे! झाडं का लावत नाही तुम्ही?"

अण्णांनी मागं गॅसची भट्टी आणली होती. पेढेवाल्या व्यापाऱ्यानं खवा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला धुराचा वास न्हाय. गिऱ्हाईक घेत न्हाय असला!" म्हणजे धूर खायला झाडं जाळायची! आता त्या भट्टीत कोंबडी अंडी घालते.

शाळेत वृक्षारोपण झालं. रोपं थोडी, पेढे भरपूर! मी चिडून विचारलं, "सरपंच, ह्या पेढ्यापायी किती झाडं जळली, म्हाईत हाय का?"

सरपंच पेढा चघळत म्हणाले, "म्हणून तर लावायलोत की!"

मागच्या आठवड्यात मी लग्नाला धाराशिवला गेलो. परत येतो तर बांधावर नुसतं खोड! चुलतभाऊ महादूनं झाड लाकूडवाल्याला विकलं होतं. मी गचांडीच धरली त्याची.

"बांध दोघांचा हाय. म्या माझाच अर्धा इकला," महादू म्हणाला.

"आन् माझा अर्धा?"

"त्यो काय हवेत हुबा ऱ्हाणार व्हता का?"

तेव्हापासून म्हशी दिवसभर उन्हात धापा टाकतात. दूध निम्म्यावर आलं. काल भट्टीवर गेलो तर माझ्याच कडुलिंबाची लाकडं रचून ठेवलेली. अण्णांनी त्यातलंच एक जाळात सारलं, माझं दूध मापलं आणि माझ्यावरच खेकसले,

"लई कमी आलंय की रं! म्हशी सावलीत बांधत जा!"